मालकाशिवाय विकता येणारा व्यवसाय : तयारीचा क्रम, तपासण्या आणि नेहमी होणाऱ्या चुका

व्यवसाय विकायचे मनात आले की बहुतेक मालक आधी खरेदीदार शोधतात, मग घाईघाईने हिशेब नीट करायला घेतात आणि सर्वांत शेवटी, तेही खरेदीदाराने विचारल्यावर, आपल्यावाचून काम कसे चालेल याचा विचार करू लागतात. हा क्रम नेमका उलटा आहे. खरेदीदाराच्या मनातला पहिला प्रश्न असतो तो मालक गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी इथे निर्णय कोण घेणार, हा. त्याचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर तो किंमत पाडतो, किमतीचा मोठा भाग पुढच्या वर्षांच्या नफ्यावर अवलंबून ठेवतो किंवा मालकालाच काही वर्षे नोकरीवर राहण्याची अट घालतो. कित्येकदा या तिन्ही गोष्टी एकदम होतात.

पुढे दिलेले टप्पे त्याच क्रमाने करावेत. एकूण काळ साधारण दोन ते तीन वर्षांचा धरावा, कारण खरेदीदार सहसा मागच्या ३ वर्षांचे हिशेब पाहतो आणि केलेल्या बदलांचा परिणाम त्या हिशेबांत उमटलेला दिसावा लागतो. कर आणि कंपनी कायद्याचे तपशील प्रत्येक देशात वेगळे असल्याने त्यांसाठी स्थानिक वकील आणि लेखापाल लागतीलच. मात्र येथे सांगितलेली बहुतेक कामे त्यांच्याकडे सोपवता येत नाहीत, ती मालकालाच करावी लागतात.

सुरुवातीपूर्वी : काय विकायचे आहे ते ठरवा

विक्रीचे दोन मुख्य प्रकार आहेत. एका प्रकारात कंपनीचे समभाग विकले जातात. कंपनी तीच राहते, तिचे करार, कर्जे आणि जुनी दायित्वे तिच्याबरोबर नव्या मालकाकडे जातात. दुसऱ्या प्रकारात यंत्रे, माल, नाव, ग्राहकांचे करार अशी मालमत्ता निवडून विकली जाते आणि प्रत्येक करार स्वतंत्रपणे हस्तांतरित करावा लागतो. कोणता प्रकार निवडायचा हे आजच पक्के करण्याची गरज नाही, पण दोन्ही शक्य राहतील अशी तयारी करावी. भागीदार किंवा कुटुंबीयांची मालकी असेल तर विक्रीस त्यांची तत्त्वतः संमती आताच लेखी घ्यावी. सौदा ठरत आल्यावर एखाद्या झोपलेल्या भागीदाराला जाग येणे हे वेळखाऊ आणि खर्चिक असते.

टप्पा १ : मालक प्रत्यक्षात काय करतो याची नोंद

हा टप्पा सर्वाधिक वेळा गाळला जातो आणि म्हणूनच त्यावर येथे अधिक लिहितो आहे. आपण काय करतो हे आपल्याला ठाऊक आहे अशी मालकाची ठाम समजूत असते. प्रत्यक्षात त्याला आठवतात ती मोठी कामे. व्यवसाय अडून राहतो तो मात्र दिवसभरात विचारल्या जाणाऱ्या चाळीस-पन्नास लहान प्रश्नांवर.

१. सलग चार आठवडे, महिनाअखेर त्यात येईल अशा बेताने, एक वही किंवा तक्ता ठेवावा. आपल्यापर्यंत आलेला प्रत्येक प्रश्न, फोन, मंजुरी आणि तक्रार त्यात लिहावी.

२. प्रत्येक नोंदीत चार गोष्टी असाव्यात : कोणी विचारले, काय विचारले, आपण काय उत्तर दिले आणि ते उत्तर कशाच्या आधारे दिले. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. ‘अनुभवावरून’ एवढे लिहून तो भरू नये. अनुभवातली नेमकी कोणती गोष्ट उपयोगी पडली ते लिहावे, जसे की ‘हा ग्राहक बिल उशिरा देतो’ किंवा ‘या पुरवठादाराचा माल पावसाळ्यात लांबतो’.

३. महिना संपल्यावर प्रत्येक नोंद पुढील पाच गटांपैकी एकात टाकावी :

- केवळ सवयीने मालकाला विचारले गेलेले प्रश्न
- विचारणाऱ्याला अधिकार नसल्यामुळे आलेले प्रश्न
- माहिती फक्त मालकाच्या डोक्यात असल्यामुळे आलेले प्रश्न
- समोरच्या माणसाशी मालकाचा व्यक्तिगत संबंध असल्यामुळे आलेली कामे
- खरोखरच मालकी हक्काचे निर्णय, म्हणजे नवे कर्ज, मोठी भांडवली खरेदी, नफ्याची वाटणी, वरिष्ठ पदांवरील नेमणुका

या विभागणीमागचे कारण असे की प्रत्येक गटावरचा उपाय वेगळा आहे. सवयीचे प्रश्न नुसते परत पाठवले तरी बंद होतात. अधिकाराच्या प्रश्नांसाठी मर्यादा ठरवून द्याव्या लागतात. डोक्यातली माहिती लिहून काढावी लागते. संबंध मात्र लिहून देता येत नाहीत, ते हळूहळू दुसऱ्याच्या हाती सोपवावे लागतात. पाचवा गट तसाच राहू द्यावा, कारण ते काम नवा मालक करणारच आहे.

नेहमीची चूक : सर्व गटांवर एकच औषध म्हणून जाडजूड कार्यपद्धती-पुस्तिका लिहिणे. ज्याला सवलत देण्याचा अधिकारच नाही, त्याला सवलत कशी द्यावी यावर दहा पाने देऊन काहीही साधत नाही.

तपासणी : पाचव्या गटात एकूण नोंदींच्या दहाव्या भागाहून अधिक नोंदी गेल्या असतील तर विभागणी पुन्हा करावी. मालक स्वतःला जितका अपरिहार्य समजतो तितका तो सहसा नसतो, आणि हे कागदावर पाहणे काहींना जड जाते.

टप्पा २ : हिशेबातून मालकाला वेगळे काढणे

मालकाचा खिसा आणि व्यवसायाची तिजोरी वर्षानुवर्षे एकच असेल तर नफ्याचा आकडा कोणालाच, मालकालाही, ठाऊक नसतो. खरेदीदार तो आकडा स्वतः नव्याने मांडतो. ती मांडणी आपण आधी करावी, म्हणजे वाटाघाटीच्या टेबलावर धक्का बसत नाही.

समजा ताळेबंदाबरोबरच्या पत्रकात वार्षिक नफा ४० एकक दिसतो आहे. मालक पगार घेत नाही, पण त्याच्या जागी व्यवस्थापक नेमला तर १४ एकक द्यावे लागतील. जागा मालकाच्या नावावर असून व्यवसाय तिचे भाडे देत नाही. बाजारभावाने ते ६ एकक होते. उलट घरगुती वाहन आणि प्रवास यांचे ५ एकक व्यवसायाच्या खर्चात धरले आहेत आणि एका न्यायालयीन प्रकरणाचा २ एककांचा एकवेळचा खर्च त्याच वर्षात आला आहे. तर खरेदीदाराच्या दृष्टीने नफा ४० वजा १४ वजा ६ अधिक ५ अधिक २, म्हणजे २७ एकक. नफ्याच्या चौपट किंमत ठरली असे केवळ उदाहरणापुरते धरले, तर मालकाच्या मनातली किंमत १६० आणि खरेदीदाराच्या वहीतली १०८ होते. हा फरक भरून काढण्यासाठी दोघेही महिनोन्महिने घासाघीस करतात, पण मुळात दोघे वेगवेगळ्या नफ्याविषयी बोलत असतात.

येथे करायची कामे क्रमाने अशी :

१. घरगुती खर्च आजपासून व्यवसायातून बंद करावेत. ‘विक्रीच्या वेळी समायोजन दाखवू’ असे म्हणून ते चालू ठेवू नयेत, कारण प्रत्येक समायोजनाला पुरावा द्यावा लागतो आणि दहा समायोजने दिसली की खरेदीदार अकराव्याच्या शोधात लागतो.

२. मालकाने आपल्या कामाचा बाजारभावाने पगार घ्यावा. कुटुंबातील कोणी विनावेतन काम करत असेल तर त्याचाही पगार लावावा.

३. मालकाच्या जागेचा लेखी भाडेकरार व्यवसायाबरोबर करावा.

४. मालकाने व्यवसायाला दिलेले किंवा व्यवसायाकडून घेतलेले पैसे कर्ज म्हणून कागदावर आणावेत. बँकेला दिलेल्या व्यक्तिगत हमींची यादी करावी. विक्रीच्या दिवशी त्या सोडवून घ्यायच्या आहेत.

५. दर महिन्याचे हिशेब पुढच्या महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात बंद व्हावेत, आणि उत्पादनागणिक व मोठ्या ग्राहकागणिक नफा त्यांतून वेगळा कळावा.

इशारा : मागील वर्षांचे हिशेब ‘सुंदर’ करण्याचा मोह टाळावा. रोखीने झालेली आणि पुस्तकात न आलेली विक्री खरेदीदाराला तोंडी सांगून किंमत वाढत नाही. उलट, जो माणूस कर खात्याला एक आकडा सांगतो आणि मला दुसरा, त्याचा तिसरा आकडा कोणता असेल, असा साधा प्रश्न खरेदीदाराच्या मनात उभा राहतो.

टप्पा ३ : दर ठरवण्याची पद्धत डोक्यातून कागदावर

कोटेशन मालकच देतो अशा व्यवसायांत हा टप्पा स्वतंत्रपणे करावा लागतो. ठरावीक किमतीचा माल विकणाऱ्यांनी तो ओलांडून पुढे जावे. दर काढण्याचे कौशल्य हे मालकाच्या ज्ञानातले सर्वांत महागडे ज्ञान असते आणि ते ‘अंदाज’ या नावाखाली लपलेले असते.

मालकाने दर कसा काढतो ते एका पानावर लिहावे : साहित्य किती, तास किती, वाया जाणारे किती, अवघड ग्राहकासाठी किती वाढवायचे, लहान ऑर्डरला किमान किती घ्यायचे. मग मागची २० कोटेशने काढावीत, त्यांवरील आकडे झाकून ती एका अनुभवी कर्मचाऱ्याला द्यावीत आणि केवळ त्या पानाच्या आधारे त्याला दर काढू द्यावेत. जिथे त्याचा आणि मालकाचा आकडा ५ टक्क्यांहून अधिक फरकाने वेगळा येईल, तिथे एखादा नियम लिहायचा राहून गेला आहे असे समजावे. तो शोधून पानावर लिहावा आणि पुढच्या २० कोटेशनांवर हीच कसोटी पुन्हा लावावी. अशा तीन फेऱ्यांनंतरही न जुळणारी कामे बहुधा अशी असतात की ती घेणेच बंद करावे किंवा त्यांसाठी वेगळी, वाढीव किंमत ठेवावी.

टप्पा ४ : कार्यपद्धती लिहिणे

आता, आणि आताच, लिखाण सुरू करावे. सर्व कामे एकदम लिहायला घेऊ नयेत. पैसा ज्या वाटेने येतो तीच वाट आधी लिहावी : चौकशी ते कोटेशन, ऑर्डर ते पूर्तता, बिल ते वसुली. त्यानंतर खरेदी, पगार, तक्रारी आणि यंत्रांची देखभाल घ्यावी.

लिहिणारी व्यक्ती मालक नसावी. ते काम रोज करणाऱ्याने लिहावे. मालक लिहितो तेव्हा काम कसे व्हायला हवे ते लिहितो, करणारा लिहितो तेव्हा ते कसे होते ते कळते, आणि या दोहोंतले अंतर हीच पुष्कळदा खरी अडचण असते. प्रत्येक कामासाठी एक-दोन पाने पुरेशी आहेत. काम कशावरून सुरू होते, कोणत्या क्रमाने होते, ते पूर्ण झाले हे कशावरून ओळखायचे, नेहमीचे अपवाद कोणते आणि अडल्यास कोणाला विचारायचे, एवढे त्यात यावे. शेवटी तारीख आणि जबाबदार व्यक्तीचे पद लिहावे.

तपासणी : ते काम पूर्वी कधीही न केलेल्या व्यक्तीच्या हाती पान देऊन, शेजारी गप्प बसून, तिला काम करू द्यावे. ती जिथे थांबेल तिथे पानावर खूण करावी. पान वाचून ‘छान आहे’ असे म्हणणे ही तपासणी नव्हे.

टप्पा ५ : अधिकारांच्या मर्यादा

पहिल्या टप्प्यातील दुसऱ्या गटाच्या नोंदी पुढ्यात घेऊन एक तक्ता करावा. सवलत, माल परत घेणे, खरेदी, जादा तास, दुरुस्ती, उधारीची मुदत अशा प्रत्येक बाबीपुढे तीन रकाने असावेत : कोणत्या रकमेपर्यंत कर्मचाऱ्याने कोणाला न विचारता ठरवावे, कोणत्या रकमेपर्यंत ठरवून नंतर कळवावे आणि कोणत्या रकमेपुढे आधी विचारावे. सुरुवातीच्या मर्यादा लहान ठेवाव्यात आणि दर तीन महिन्यांनी वाढवाव्यात.

या तक्त्याबरोबर दोन नियम पाळावे लागतात. पहिला : प्रश्न घेऊन येणाऱ्याने स्वतःचे उत्तरही सोबत आणावे, म्हणजे मालकाला केवळ ‘हो’ किंवा ‘नाही, कारण…’ एवढेच म्हणावे लागेल. दुसरा, आणि हा पाळणे कठीण : मर्यादेत राहून घेतलेला निर्णय चुकला तरी मालकाने तो इतरांसमोर फिरवू नये. एकदा जरी तसे झाले तरी सगळे प्रश्न पुन्हा मालकाच्या दाराशी येऊन रांग लावतात, आणि ती रांग मोडायला पुन्हा सहा महिने जातात.

इशारा : अधिकार वाटताना पैशांवरची राखण सैल होऊ देऊ नये. नवा पुरवठादार यादीत घालणे, त्याचे बिल मंजूर करणे आणि त्याला पैसे देणे ही तीन कामे एकाच व्यक्तीकडे कधीही नसावीत. बँक खात्याचे विवरण जुळवणारी व्यक्ती पैसे देणाऱ्या व्यक्तीहून वेगळी असावी. मालक सगळीकडे हजर असतो तेव्हा त्याची नजर हीच राखण असते. तो बाजूला झाल्यावर तिची जागा नियमांनी घ्यावी लागते.

टप्पा ६ : दुसरी फळी

मालकाच्या जागी एक समर्थ व्यवस्थापक नेमला की काम झाले, असे वाटते. त्यातून फक्त धोक्याचे नाव बदलते. पूर्वी मालक गेला तर व्यवसाय अडला असता, आता व्यवस्थापक गेला तर अडेल, आणि व्यवस्थापक तर केवळ सूचना-कालावधी (नोटीस पिरियड) पूर्ण करून जाऊ शकतो. म्हणून प्रत्येक महत्त्वाचे काम किमान दोघांना करता आले पाहिजे, आणि ते येते हे वर्षातून एकदा अदलाबदल करून पाहिले पाहिजे.

प्रमुख कर्मचाऱ्यांचे नेमणूक करार, गोपनीयतेच्या अटी आणि सूचना-कालावधी तपासून घ्यावेत. विक्रीच्या काळात ते टिकावेत म्हणून बक्षीस-रक्कम ठरवायची असल्यास तिचा एक भाग विक्रीच्या वेळी आणि दुसरा त्यानंतर काही महिन्यांनी देय ठेवावा.

टप्पा ७ : ग्राहक, पुरवठादार आणि कागदपत्रांवरची नावे

ग्राहकांची यादी विक्रीच्या उतरत्या क्रमाने लावावी. एकाच ग्राहकाकडून एकतृतीयांश विक्री येत असेल तर खरेदीदार व्यवसाय नव्हे तर तो एक ग्राहक विकत घेत असतो, आणि त्याची किंमतही तशीच लावतो. हे प्रमाण लगेच कमी होत नाही; मोठ्याला तोडून नव्हे, तर इतरांना वाढवून ते वर्ष-दोन वर्षांत खाली आणावे लागते.

मालकाच्या व्यक्तिगत संबंधावर टिकलेले ग्राहक पुढील क्रमाने सोपवावेत. आधी मालक आणि कर्मचारी दोघे भेटीला जातात आणि मालक बोलतो. पुढच्या भेटींत कर्मचारी बोलतो, मालक ऐकतो, आणि ग्राहकाने मालकाकडे वळून विचारलेला प्रश्नही कर्मचाऱ्याकडे वळवतो. शेवटी कर्मचारी एकटा जातो. दोन फेऱ्यांमध्ये एखादी खरी अडचण कर्मचाऱ्याने सोडवलेली असावी. ग्राहकाचा विश्वास ओळखपत्र देण्याने बसत नाही, अडचण सुटल्याने बसतो. ग्राहक ज्या क्रमांकावर फोन करतात तो मालकाचा खासगी क्रमांक असल्यास तो आजच व्यवसायाच्या नावावर करावा किंवा त्याऐवजी दुसरा चालू करावा.

यानंतर कागद पाहावेत. मोठ्या करारांत, भाडेकरारांत आणि सॉफ्टवेअरच्या परवान्यांत दोन कलमे शोधावीत : करार दुसऱ्याकडे हस्तांतरित करण्याची परवानगी आहे का, आणि मालकी बदलल्यास समोरच्याला करार मोडता येतो का. पहिले कलम मालमत्ता विकताना आडवे येते, दुसरे समभाग विकतानाही आडवे येऊ शकते. नूतनीकरणाच्या वेळी ती बदलून घेणे सोपे जाते. खरेदीदार दारात उभा असताना समोरचा पक्ष त्या बदलाची किंमत मागतो.

बोधचिन्ह, संकेतस्थळाचे नाव, समाजमाध्यमांवरची खाती, परवाने हे सारे व्यवसायाच्या नावावर आहे की मालकाच्या, मुलाच्या किंवा संकेतस्थळ बनवणाऱ्याच्या, ते तपासावे. बाहेरच्या व्यक्तीकडून करून घेतलेले डिझाइन, मजकूर किंवा सॉफ्टवेअर असेल तर विशेष काळजी घ्यावी, कारण अनेक देशांच्या कायद्यांनुसार पैसे चुकते केले तरी लेखी हस्तांतरणाखेरीज त्याचा कॉपीराइट बनवणाऱ्याकडेच राहतो. असा एक पानाचा कागद पाच वर्षांनी मागायला गेल्यास तो माणूस सापडतोच असे नाही.

टप्पा ८ : गैरहजेरीची परीक्षा

आतापर्यंतचे सर्व टप्पे नीट झाले की नाही हे मालकाच्या मतावरून ठरत नाही, तर त्याच्या गैरहजेरीत ठरते. ही परीक्षा चढत्या क्रमाने घ्यावी : आधी एक दिवस, मग एक आठवडा, मग दोन आठवडे, आणि शेवटी महिनाअखेर व पगाराचा दिवस आत येईल असे सलग चार ते सहा आठवडे.

१. जाण्यापूर्वी ‘आणीबाणी’ म्हणजे काय ते लेखी ठरवावे. आग, अपघात, कायदेशीर नोटीस, ठरावीक रकमेहून मोठे नुकसान, एवढीच यादी असावी. मोठा ग्राहक रागावला ही आणीबाणी नव्हे. नेमके तेच इतरांना हाताळता येते का, हे पाहायचे आहे.

२. संपर्कासाठी एकच व्यक्ती नेमावी आणि तिनेच, फक्त आणीबाणीत, फोन करावा. मालकाने ‘सहज’ म्हणून फोन करणे, संध्याकाळी खात्यातली शिल्लक पाहणे, संदेशांच्या गटात अंगठ्याचे चिन्ह टाकणे, हे सगळे परीक्षेत नक्कल करण्यासारखे आहे.

३. मागे राहिलेल्यांनी एक नोंदवही ठेवावी : मालक असता तर त्याला विचारले असते असा प्रत्येक प्रश्न, आणि त्यावर आपण काय केले.

४. परत आल्यावर पहिले दोन दिवस काहीही दुरुस्त करू नये. नोंदवही वाचून प्रत्येक नोंदीपुढे एक खूण करावी : योग्य निर्णय झाला, चुकीचा झाला, की निर्णय न होता काम थांबून राहिले. चुकीच्या निर्णयांपेक्षा थांबलेली कामे अधिक गंभीर मानावीत. चुकीच्या निर्णयामागे माहिती अपुरी असते आणि ती देता येते. थांबलेल्या कामामागे अधिकार किंवा धीर अपुरा असतो, आणि त्यासाठी पाचव्या टप्प्याकडे परत जावे लागते.

तपासणी : गैरहजेरीच्या काळातले चार आकडे मागील वर्षीच्या त्याच काळाशी ताडून पाहावेत : चौकशींपैकी किती ऑर्डरींत बदलल्या, वसुलीला सरासरी किती दिवस लागले, तक्रारी किती आल्या आणि हाती रोख किती राहिली. विक्री तशीच राहून वसुलीचे दिवस वाढले असतील तर लोक माल देत होते, पण पैसे मागायला कचरत होते.

नेहमीच्या चुका : निघण्यापूर्वी महिन्याभराचे निर्णय आगाऊ घेऊन ठेवणे, आणि परीक्षा नेहमी मंदीच्या काळात घेणे. किमान एक गैरहजेरी गर्दीच्या हंगामात असावी. तिला मालकाचा जीव धजत नसेल तर व्यवसाय अजून विक्रीयोग्य झालेला नाही एवढेच त्यातून समजावे आणि आणखी एक वर्ष काम करावे.

टप्पा ९ : पुरावा साठवणे

मोठी गैरहजेरी पार पडल्यावर लगेच बाजारात जाऊ नये. पुढचे १२ ते २४ महिने मालकाने आठवड्यातून एक-दोन दिवसच लक्ष घालावे आणि त्या काळातले मासिक आकडे, व्यवस्थापकांच्या बैठकांचे वृत्तांत व अधिकार-तक्त्याच्या आवृत्त्या जपून ठेवाव्यात. ‘माझ्यावाचून चालते’ हे वाक्य प्रत्येक विक्रेता उच्चारतो; मालकाची सही नसलेले बैठकींचे १८ वृत्तांत फार थोड्यांकडे असतात.

टप्पा १० : विक्रीची प्रक्रिया

येथवर आल्यावर पुढचा क्रम बराचसा ठरलेला आहे. व्यवसायाचे नाव न सांगता केलेली एक-दोन पानी ओळख, गोपनीयतेचा करार, सविस्तर माहिती, खरेदीदाराचे इरादापत्र (मुख्य अटींवर विकत घेण्याचा इरादा कळवणारे पत्र), कागदपत्रांची सखोल छाननी, अंतिम करार आणि ताबा, असा हा क्रम असतो. इरादापत्रावर सही करताना बहुधा ठरावीक काळ दुसऱ्या कोणाशीही बोलणी न करण्याचे बंधन येते. तेथून विक्रेत्याचा जोर कमी होतो, म्हणून किंमत, ती देण्याची रीत आणि हस्तांतरणाचा काळ हे मुद्दे इरादापत्रातच स्पष्ट करून घ्यावेत.

माहिती टप्प्याटप्प्याने उघड करावी. खरेदीदार स्पर्धक असेल तर ग्राहकांची नावे, प्रत्येकाचे दर आणि कर्मचाऱ्यांचे पगार शेवटच्या टप्प्यापर्यंत सांकेतिक क्रमांकांखाली ठेवावेत. कर्मचाऱ्यांना फार लवकर सांगितल्यास अफवा पसरतात, पण प्रमुख दोघा-तिघांना छाननीपूर्वी विश्वासात घ्यावेच लागते, कारण खरेदीदार त्यांनाच भेटू इच्छितो.

किमतीबाबत तीन जागी घाई नडते. पहिली जागा खेळत्या भांडवलाची : ताब्याच्या दिवशी व्यवसायात नेहमीइतका माल, येणी आणि देणी असावीत अशी अट असते, आणि ‘नेहमीइतका’ हा आकडा हंगामी व्यवसायात एखाद्या महिन्यावरून न काढता १२ महिन्यांच्या सरासरीवरून काढावा. दुसरी जागा पुढच्या नफ्यावर अवलंबून असलेल्या रकमेची, जिला अर्न-आउट म्हणतात : ती मान्य करायची असल्यास नफ्याऐवजी विक्रीसारखा, खरेदीदाराच्या हिशेबी निर्णयांनी सहज न बदलणारा आकडा आधाराला धरावा, आणि जी रक्कम हाती आली नाही तिच्यावाचून सौदा परवडतो का हे पाहावे. तिसरी जागा विक्रेत्याने दिलेल्या हमींची : हिशेब, कर, वाद आणि दायित्वे यांविषयी केलेली विधाने खोटी ठरल्यास पैसे परत द्यावे लागू शकतात, आणि त्यासाठी किमतीचा एक भाग काही काळ त्रयस्थाकडे ठेवला जातो. जबाबदारीची कमाल रक्कम आणि मुदत वकिलाकडून करारात लिहून घ्यावी. ठाऊक असलेल्या अडचणी आधीच लेखी उघड कराव्यात. लपवलेल्या अडचणीपेक्षा उघड केलेली अडचण नेहमी स्वस्त पडते.

शेवटची तपासणी : हस्तांतरणासाठी खरेदीदार मालकाचा किती काळ मागतो ते पाहावे. काही आठवडे ते तीन महिन्यांचा काळ ओळखी करून देण्यासाठी स्वाभाविक आहे. दोन-तीन वर्षांची मागणी आली तर छाननीत त्याला मालकावरचे एखादे अवलंबित्व सापडले आहे असे धरावे आणि ते कोणते, हे त्यालाच सरळ विचारावे. उत्तर बहुतेक वेळा एखाद्या ग्राहकाचे, एखाद्या यंत्राचे किंवा एखाद्या परवान्याचे नाव असते, आणि त्या नावापुढचे काम तीन-चार महिन्यांत पुरे करून तीच बोलणी अधिक चांगल्या अटींवर पुन्हा सुरू करता येतात.